निर्दोषतेचा शोध : एडमंड क्लार्क आणि आज्ञावलींची पडताळणी

पूल बांधणारा अभियंता पुलावर किती भार येईल याचा हिशेब करतो, त्याच्या दुपटीतिपटीने भार सोसेल अशी योजना करतो आणि निश्चिंत होतो. दहा टनांचा भार पेलणारा पूल नऊ टनांचाही भार पेलणारच, असे त्याला खात्रीने म्हणता येते. संगणकाच्या आज्ञावलीविषयी मात्र अशी खात्री देता येत नाही. दहा हजार वेळा अचूक उत्तर देणारी आज्ञावली पुढच्याच वेळी, एखाद्या क्षुल्लक भासणाऱ्या फरकामुळे, संपूर्ण चुकीचे उत्तर देऊ शकते. चाचण्यांनी चुकांचे अस्तित्व सिद्ध होते, त्यांचा अभाव सिद्ध होत नाही, हा मुद्दा डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारास आग्रहाने मांडला होता. तो पुढे किती खरा ठरला याची साक्ष अनेक दुर्घटनांनी दिली.

अशा दुर्घटनांपैकी एक 'थेरॅक-२५' या यंत्राची. कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देणाऱ्या या यंत्राकडून १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथील सहा रुग्णांना ठरवलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणे दिली गेली. त्यांतील काही दगावले. चौकशीअंती यंत्राच्या आज्ञावलीत अनेक दोष आढळले. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाने भरलेली माहिती अतिशय चपळाईने दुरुस्त केली, तरच त्यांतील एक दोष प्रकट होत असे. नवख्या माणसाच्या हातून तो कधी उघड झालाच नसता. सरावलेल्या हातांची गतीच येथे घातक ठरली. दोन क्रिया एकाच वेळी चालू असता त्यांचा क्रम किंचित बदलला की उद्भवणाऱ्या अशा चुका चाचण्यांच्या जाळ्यातून हमखास निसटतात. मग त्या पकडावयाच्या कशा? या प्रश्नाला ज्यांनी आपले जवळजवळ सारे आयुष्य वाहिले, त्या संशोधकांत एडमंड क्लार्क यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

क्लार्क यांचा जन्म अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथे २७ जुलै १९४५ रोजी झाला. १९६७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातून ते गणित विषयाचे पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी ड्यूक विद्यापीठातून त्यांनी त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर ते संगणकशास्त्राकडे वळले आणि कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट कॉन्स्टेबल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९७६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी आज्ञावलींच्या निर्दोषतेचा विचार एका विशिष्ट दिशेने चालला होता. अमेरिकेत रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि ब्रिटनमध्ये टोनी होअर यांनी १९६९ मध्ये असे दाखवून दिले होते की, भूमितीतील प्रमेयाप्रमाणे आज्ञावलीचीही सिद्धता देता येते. आज्ञा पाळली जाण्यापूर्वी काय सत्य होते आणि पाळली गेल्यानंतर काय सत्य असेल, याची विधाने करावयाची आणि तर्काच्या नियमांनी एका विधानावरून दुसऱ्यावर जावयाचे, अशी ही रीत होती. ती बुद्धीला मोह घालणारी होती, यात शंका नाही. परंतु पाचदहा ओळींच्या आज्ञावलीची सिद्धता पानेच्या पाने व्यापू लागली आणि त्या सिद्धतेतच चुका राहू लागल्या. गणितातील सिद्धता अनेक विद्वान वाचतात, वर्गात शिकवतात, तिच्यावर वाद घालतात, म्हणून ती विश्वासार्ह ठरते. आज्ञावलीची कंटाळवाणी सिद्धता कोण वाचणार, असा परखड सवाल रिचर्ड डी मिलो, रिचर्ड लिप्टन आणि अॅलन पर्लिस यांनी १९७९ मध्ये एका लेखात केला. त्या लेखाने बरेच वादळ उठवले.

क्लार्क यांचा प्रबंध याच क्षेत्रातला होता. पण त्यांनी या रीतीची मर्यादा शोधली. आज्ञावलीच्या भाषेत काही ठरावीक सोयी एकत्र आल्या की, त्या भाषेसाठी होअर यांच्या पद्धतीची परिपूर्ण नियमावली रचताच येत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. असा निष्कर्ष हाती आला की संशोधकापुढे दोन मार्ग उरतात. एक म्हणजे मर्यादा मान्य करून थोडक्यावर समाधान मानणे आणि दुसरा म्हणजे प्रश्नच निराळ्या रीतीने विचारणे. क्लार्क यांनी दुसरा मार्ग पत्करला.

कोणतीही आज्ञावली थांबेल की अखंड चालत राहील, हे सांगणारी सर्वसाधारण यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते. तेव्हा सर्व आज्ञावलींची पडताळणी यंत्राकडून करून घेणे अशक्य, हे उघडच होते. परंतु व्यवहारात जेथे चूक सर्वांत महाग पडते, अशा पुष्कळ ठिकाणी, म्हणजे विद्युत्‌मंडलांमध्ये, नियंत्रक यंत्रणांमध्ये आणि संगणकांनी परस्परांशी बोलण्याच्या नियमांमध्ये, शक्य असलेल्या अवस्थांची संख्या सान्त असते. ती कितीही मोठी असली तरी तिला अंत असतो. आणि जे सान्त आहे, ते निदान तत्त्वतः यंत्राला संपूर्ण तपासता येते.

१९७८ मध्ये क्लार्क हार्वर्ड विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे अॅलन इमर्सन हा तरुण विद्यार्थी त्यांना लाभला. इस्राएलचे शास्त्रज्ञ अमीर नुएली यांनी १९७७ मध्ये आज्ञावलींच्या विचारात कालिक तर्कशास्त्राचा प्रवेश घडवून आणला होता. नेहमीचे तर्कशास्त्र एखादे विधान सत्य आहे की असत्य एवढेच सांगते. कालिक तर्कशास्त्रात 'हे सदैव सत्य राहील', 'हे केव्हा तरी सत्य होईल', 'ते घडेपर्यंत हे टिकून राहील' अशी विधाने करता येतात. अखंड चालणाऱ्या यंत्रणेविषयी बोलावयाचे तर हीच भाषा हवी. क्लार्क आणि इमर्सन यांनी १९८१ मध्ये सादर केलेल्या निबंधाचा मुख्य विषय खरे तर अशा विधानांवरून आज्ञावलीचा सांगाडा आपोआप रचण्याचा होता. तयार सांगाडा ते विधान पाळतो की नाही हे तपासण्याची रीत त्यात जोडीला आली होती. पुढे जगभर प्रसिद्धी पावली ती ही जोडीची रीतच. तिला 'मॉडेल चेकिंग' हे नाव मिळाले. मराठीत तिला प्रतिमान-पडताळणी म्हणता येईल. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे जाँ-पिएर केय आणि मूळचे ग्रीक असलेले जोसेफ सिफाकिस यांनीही स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली.

ही रीत कशी चालते हे समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. एका रस्त्याला रेल्वेचे दोन मार्ग छेदतात, एक अप गाड्यांचा आणि एक डाऊन गाड्यांचा. तेथे आपोआप चालणारे फाटक आहे. फाटकाच्या यंत्राला दोनच नियम दिले आहेत : गाडी जवळ आली की फाटक बंद करावे आणि गाडी ओलांडून गेली की ते उघडावे. प्रत्येक मार्गावरील गाडी दूर, जवळ किंवा प्रत्यक्ष फाटकात, अशा तीनपैकी एका अवस्थेत असेल; फाटक उघडे किंवा बंद असेल. तेव्हा सर्व मिळून तीन गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे १८ अवस्था होतात. यांपैकी फाटक उघडे असून निदान एक गाडी फाटकात आहे अशा ५ अवस्था घातक होत. त्यांपैकी एकही कधी उद्भवू नये, ही आपली अट.

एकेक गाडी सोडून चाचणी घेतली तर सारे काही सुरळीत चालल्याचे दिसेल. प्रतिमान-पडताळणी मात्र उलट दिशेने निघते. ती प्रथम त्या ५ घातक अवस्थांवर खूण करते. मग ज्या अवस्थांतून एका पावलात खूण केलेल्या अवस्थेत जाता येते, त्यांवरही खूण करते. आणि नवीन खूण करण्याजोगी एकही अवस्था उरत नाही तोवर हे काम चालू ठेवते. अखेर दोन्ही गाड्या दूर आणि फाटक उघडे, या आरंभीच्या अवस्थेवर खूण पडली आहे की नाही एवढेच पाहावयाचे. आपल्या उदाहरणात ती पडते! आणि खुणांचा माग उलट काढला की अपघाताचा सारा क्रम हाती येतो : अप गाडी जवळ येते, फाटक बंद होते, ती फाटकात असतानाच डाऊन गाडी जवळ येते, पण फाटक आधीच बंद असल्याने यंत्र काही करत नाही, अप गाडी निघून जाते आणि नियमाप्रमाणे फाटक उघडते, डाऊन गाडी उघड्या फाटकात शिरते. चूक आहे एवढेच सांगून ही रीत थांबत नाही. चूक कशी घडते त्याचे पावलापावलाचे प्रत्युदाहरण ती हाती देते. अभियंत्यांनी या रीतीला आपलेसे केले ते मुख्यतः या प्रत्युदाहरणामुळे.

आता नियम सुधारू. दुसऱ्या मार्गावरील गाडी दूर असेल तरच फाटक उघडावे, असे म्हणू. घातक अवस्था आता उद्भवत नाही. परंतु बंद झालेले फाटक केव्हा तरी उघडलेच पाहिजे, अशी दुसरी अट घातली, तर यंत्र पुन्हा एक प्रत्युदाहरण पुढे करील. त्यात अप गाडी जाण्यापूर्वी डाऊन गाडी जवळ येते, डाऊन जाण्यापूर्वी पुन्हा अप येते आणि हे चक्र अखंड चालते. रस्त्यावरची बैलगाडी आणि मोटार ताटकळतच राहतात. 'अनिष्ट कधी न घडो' आणि 'इष्ट केव्हा तरी घडो' या दोन अटी निरनिराळ्या आहेत आणि एक सांभाळताना दुसरी मोडू शकते, हे यातून ध्यानात येते.

क्लार्क, इमर्सन आणि क्लार्क यांचे हार्वर्डमधील दुसरे विद्यार्थी प्रसाद सिस्टला यांनी १९८३ पर्यंत ही रीत अधिक सुटसुटीत केली. अवस्थांची संख्या दुप्पट झाली तर श्रमही दुप्पटच व्हावेत, याहून अधिक वाढू नयेत, अशी ती झाली. १९८२ मध्ये क्लार्क पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात आले आणि पुढील सारी कारकीर्द त्यांनी तेथेच घालवली.

परंतु खरा शत्रू अद्याप समोर यावयाचा होता. फाटकाच्या उदाहरणात दोनऐवजी दहा मार्ग घेतले तर १८ अवस्थांच्या जागी १,१८,०९८ अवस्था होतात. वीस मार्ग घेतले तर त्यांची संख्या सुमारे ७०० कोटींवर जाते. घटक एकेकाने वाढतात, अवस्था मात्र पटीपटीने. याला 'अवस्थांचा विस्फोट' म्हणतात. आरंभीची साधने दहा हजार ते एक लाख अवस्थांपर्यंतच पोहोचत. एखाद्या साध्या चिपमध्येही याहून कितीतरी अधिक अवस्था असतात. त्यामुळे ही रीत वर्गातील फळ्यावर शोभणारी, कारखान्यात निरुपयोगी, असे अनेकांना वाटे आणि ते वाटणे निराधार नव्हते.

यातून वाट निघाली ती १९८७ मध्ये. कार्नेगी मेलनमधील केनेथ मॅकमिलन या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की, अवस्था एकेक करून मोजण्याची गरजच नाही. शाळेतील ज्या मुलांचे हजेरी-क्रमांक सम आहेत, त्या सर्वांना बोलवावयाचे असेल तर आपण शेकडो क्रमांक वाचत बसत नाही. 'सम क्रमांकाची मुले' एवढे म्हणून काम भागते. त्याप्रमाणे अवस्थांच्या प्रचंड समूहाचे वर्णन एका आटोपशीर तार्किक सूत्राने केले आणि खुणा करण्याचे काम त्या सूत्रांवरच केले तर? अशी सूत्रे संगणकात थोडक्या जागेत साठवण्याची युक्ती त्याच विद्यापीठातील रँडल ब्रायंट यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली होती. दोन्हींचा मेळ बसला आणि १९९० मध्ये क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो निबंध सादर केला, त्याच्या शीर्षकातच अवस्थांची संख्या होती : एकावर वीस शून्ये, आणि त्याही पलीकडे. पुढील सुधारणांनंतर काही यंत्रणांच्या बाबतीत ही संख्या एकावर एकशेवीस शून्ये येथवर पोहोचली.

या बळाची कसोटी लवकरच लागली. 'फ्यूचरबस प्लस' हे संगणकाच्या अंतर्भागांना जोडणाऱ्या व्यवस्थेचे मानक अनेक तज्ज्ञांनी १९८८ पासून सिद्ध करत आणले होते. एकच माहिती अनेक प्रक्रियकांजवळ असता तिच्या प्रतींत विसंगती येऊ नये, यासाठी त्यात नियम होते. क्लार्क आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९२ मध्ये मॅकमिलन यांच्या साधनाने ते नियम तपासले आणि तोवर कोणाच्याही नजरेस न आलेल्या कित्येक चुका उघड केल्या. छापून प्रसिद्ध झालेल्या मानकातील चुका यंत्राने शोधल्याचे हे पहिलेच उदाहरण मानले जाते.

उद्योगधंद्यांचे डोळे मात्र खऱ्या अर्थाने उघडले ते १९९४ मध्ये. व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांविषयी गणिते करत असता त्यांना इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रक्रियकाचा भागाकार क्वचित चुकतो असे आढळले. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातील ५ नोंदी गहाळ झाल्या होत्या. आरंभी कंपनीने दोष किरकोळ असल्याचे सांगितले. परंतु ग्राहकांचा रोष वाढताच तिला चिप बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरची तजवीज करावी लागली. पडताळणीवर होणारा खर्च ही चैन नसून काटकसर आहे, हे या एका आकड्याने जेवढे पटवले तेवढे शंभर निबंधांनीही पटवले नसते. १९९६ मध्ये क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रकारची चूक यांत्रिक पडताळणीने कशी टाळता आली असती, हे दाखवून दिले. त्यानंतर मोठ्या चिप-उत्पादकांनी ही रीत आपल्या नित्याच्या कामात समाविष्ट केली.

क्लार्क येथेच थांबले नाहीत. १९९९ मध्ये त्यांनी आर्मिन बीएर आणि इतर सहकाऱ्यांसह ठरावीक पावलांच्या आत चूक घडते का, एवढाच मर्यादित प्रश्न विचारण्याची पद्धत मांडली. सगळी निर्दोषता सिद्ध करण्याऐवजी चूक त्वरित हुडकणे हा तिचा हेतू. २००० मध्ये आणखी एक महत्त्वाची कल्पना पुढे आली. मोठ्या यंत्रणेचे प्रथम ढोबळ चित्र काढावे. त्यात चूक आढळली तर ती मूळ यंत्रणेत खरोखर संभवते का ते पाहावे. संभवत नसेल तर ती खोटी चूक ज्या ढोबळपणामुळे दिसली, तेवढाच भाग चित्रात बारकाईने रेखावा आणि पुन्हा तपासावे. प्रत्युदाहरणच येथे वाटाड्याचे काम करते. अशाच प्रकारच्या विचारावर मायक्रोसॉफ्टमधील टॉमस बॉल आणि पुढे त्या कंपनीच्या बंगळूर येथील संशोधनशाळेत कार्यरत झालेले श्रीराम राजामणी यांनी एक साधन उभारले. छपाईयंत्रासारखी उपकरणे संगणकाला जोडणाऱ्या आज्ञावली विंडोज प्रणालीचे नियम पाळतात की नाही, हे त्याने तपासले जाऊ लागले. पडताळणी अशा रीतीने चिपमधून निघून आज्ञावलींच्या क्षेत्रात परतली. क्लार्क यांनी जेथून आरंभ केला होता, तेच हे क्षेत्र.

२००७ सालचे ट्युरिंग पारितोषिक क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना विभागून देण्यात आले. संगणकशास्त्रात याहून मोठा सन्मान नाही. त्यानंतरच्या काळात स्वादुपिंडाचा कर्करोग, हृदयाची अनियमित गती अशा गुंतागुंतीच्या जैविक प्रश्नांनाही ही रीत लावून पाहण्याच्या एका व्यापक प्रकल्पाचे नेतृत्व त्यांनी केले. २२ डिसेंबर २०२० रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, कोविड-१९ च्या साथीत त्यांचे निधन झाले. त्यांचे पहिले सहप्रवासी इमर्सन यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जगाचा निरोप घेतला.

या कार्याचे मूल्यमापन करताना त्याची सीमाही सांगितली पाहिजे. प्रतिमान-पडताळणी तपासते ते प्रतिमान, प्रत्यक्ष वस्तू नव्हे. फाटकाच्या उदाहरणात रुळावर गाडी आल्याचे कळवणारे उपकरणच बिघडले तर आपल्या १८ अवस्थांना त्याचा पत्ताही नसेल. तसेच, घातलेली अटच अपुरी असेल तर यंत्रणा ती अट निमूटपणे पाळूनही अनर्थ घडवू शकेल. काय घडू नये हे यंत्र ठरवत नाही; ते माणसानेच ठरवावयाचे असते. यंत्राने माणसाच्या खांद्यावरून उतरवले आहे ते अगणित शक्यता न थकता तपासण्याचे ओझे. योग्य प्रश्न विचारण्याची जबाबदारी उतरवलेली नाही. विमाने, रुग्णालये, पेढ्या आणि आगगाड्या ज्या काळात आज्ञावलींच्या भरवशावर चालतात, त्या काळात ही विभागणी नीट समजून घेणे केवळ संशोधकांच्याच नव्हे, तर सामान्य नागरिकांच्याही हिताचे आहे.